सजगता-ध्यान

श्वास, शरीरसंवेदना व विचार यांकडे प्रतिक्रिया न देता लक्ष ठेवण्याची साधना. मूळ बौद्ध सतिपट्ठान परंपरेत. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिकविली जाणारी साधना याच परंपरेतील (→ विपश्यना). आधुनिक वैद्यकात ती जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅचूसेट्स विद्यापीठात आणली. दीर्घकालीन वेदना व तणाव असलेल्या रुग्णांसाठी आखलेला त्यांचा कार्यक्रम ८ आठवड्यांचा आहे.

मन भरकटते तेव्हा मेंदूतील जे जाल कार्यरत असते, त्याची क्रियाशीलता अनुभवी साधकांमध्ये ध्यानकाळी कमी आढळते. मेंदूची रचना बदलते काय, याविषयी निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. २०११ च्या एका लहान अभ्यासात हिप्पोकॅम्पसमधील करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. २०२२ च्या अधिक मोठ्या, यादृच्छिक गटवाटणीच्या अभ्यासात रचनेतील बदल आढळला नाही. त्यामुळे पहिल्या निष्कर्षावर आधारलेली लोकप्रिय विधाने सिद्ध मानता येत नाहीत (→ मेंदू).

मानसिक आरोग्याबाबतचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०१४ मधील ४७ चाचण्यांच्या आढाव्यात चिंता, अवसाद व वेदना यांत माफक घट दिसली. अवसाद पुन्हा उद्भवू नये म्हणून ध्यानाची बोधनिक उपचारांशी सांगड घालतात (→ अवसाद). काहींमध्ये, विशेषतः पूर्वी मानसिक आघात झालेल्यांमध्ये, ध्यानाने अस्वस्थता वाढते. अशा वेळी तज्ज्ञांची देखरेख आवश्यक असते.