गोळी हुकली असती तर: जयंत नारळीकर यांची विज्ञानकथा

जिच्यातून विज्ञान काढून घेतले असता कथाच उरत नाही, ती विज्ञानकथा, ही कसोटी कठोरपणे लावली तर या नावाने मराठीत छापला गेलेला बराचसा मजकूर बाद होतो. जयंत विष्णु नारळीकर (1938–2025) यांच्या उत्तम कथा मात्र तिला पुरेपूर उतरतात. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकात 1900 मध्ये येऊ लागले आणि पुढे भालबा केळकर, भा. रा. भागवत यांच्यासारख्यांनी ही वाट वाहती ठेवली, तरीही समीक्षकांच्या लेखी विज्ञानकथेचे स्थान बालवाङ्मयाच्या शेजारीच राहिले.

कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांचे बालपण बनारसमध्ये गेले, कारण त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. 1957 मध्ये केंब्रिजला गेल्यावर त्यांना फ्रेड हॉयल हे गुरू लाभले. विश्व प्रसरण पावत असले तरी त्याला आरंभ नाही, नवे द्रव्य सतत निर्माण होत राहिल्याने त्याचे सरासरी रूप कायम राहते, असे सांगणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धान्ताचे हॉयल हे एक प्रवर्तक होते. त्याचबरोबर सूर्य झाकून टाकणाऱ्या बुद्धिमान वायुमेघाची ‘द ब्लॅक क्लाऊड’ ही कादंबरीही त्यांनीच लिहिली होती. शिष्याने गुरूचे हे दोन्ही वारसे चालवले. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धान्ताकडे वळल्यानंतरही नारळीकरांनी हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह 1993 मध्ये जुन्या कल्पनेची सुधारित मांडणी केली. सर्वमान्य झालेल्या गोष्टीलाही ‘असे नसेल तर?’ हा प्रश्न शिस्तीने विचारायचा, ही त्यांच्या संशोधनातली वृत्तीच त्यांच्या कथांचेही मूळ आहे.

1965 मध्ये पद्मभूषण मिळालेले हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलेले होते. म्हणूनच मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ पाठवताना त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ते मानाच्या नावाला नव्हे, कथेलाच मिळाले, आणि विज्ञानकथेच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा होता. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या लेखनाची दखल घेतली.

‘असे नसेल तर?’ या प्रश्नातून कथा उभी करण्याच्या पद्धतीचे सर्वांत समर्थ उदाहरण म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतच्या लढाईत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी फौजेचा धीर खचला, हे मराठी मनात खोल रुतलेले शल्य आहे. कथेतील इतिहासकार मात्र अशा जगात जाऊन पोचतो जिथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली, मराठे जिंकले आणि हिंदुस्थानचा पुढचा इतिहासच बदलला. परतताना त्याच्या खिशात राहिलेले बखरीचे एक फाटके पान एवढाच त्या जगाचा पुरावा. हे स्वप्नरंजन ठरत नाही, कारण त्याचा आधार पुंजभौतिकीत आहे: अणूच्या पातळीवर एखादा कण नेमका कोठे सापडेल हे निश्चित सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात, आणि त्यातली प्रत्येक शक्यता आपापल्या जगात प्रत्यक्षात येते असे मानण्यास वाव राहतो. मराठी वाचकाच्या सर्वांत हळव्या जागी नेमके हे विज्ञान आणून ठेवण्यात लेखकाची खरी प्रतिभा दिसते.

‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये अर्धा पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीचा, म्हणजे मोबियस पट्टीचा, गुणधर्म देवघरातील मूर्तीपर्यंत येतो: अशा पट्टीवरून एक फेरा पूर्ण केलेल्या आकृतीचे डावे उजवे होते, तसेच येथे सोंडेचे होते. ‘धूमकेतू’मध्ये पृथ्वीवर येऊ घातलेले संकट अण्वस्त्राच्या स्फोटाने टळते, पण श्रेय यज्ञाला दिले जाते. अंधश्रद्धा दूर व्हावी ही त्यांची तळमळ येथे उघड दिसते. या कथांतील माणसे अनेकदा कल्पनेच्या सोयीपुरतीच उभी राहतात, हा आक्षेप खरा आहे, तरी भाषा इतकी साधी आहे की विज्ञानाची ओळख नसलेला वाचकही वाट चुकत नाही.

1988 मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारण्याचा व्याप सांभाळतानाही हे लेखन थांबले नाही. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्याही त्यांच्याच. दुर्गाबाईंच्या त्या भाषणानंतर 46 वर्षांनी, 2021 मध्ये, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विज्ञानकथाकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाकडे आले. प्रकृतीमुळे ते मंचावर येऊ शकले नाहीत, परंतु त्यांच्या अध्यक्षीय भाषणाचा विषय विज्ञानसाहित्य हाच होता.