आडवे विखंडन (विदागार)

आडवे विखंडन ही वितरित विदागाराच्या, म्हणजेच डेटाबेसच्या, रचनेतील एक पद्धत आहे. तीत सारणीतील ओळी ठरावीक अटींनुसार गटांत विभागून ते गट जाळ्यातील निरनिराळ्या संगणकांवर साठवले जातात. अशा गटास खंड म्हणतात. प्रत्येक खंडात मूळ सारणीचे सर्व स्तंभ असतात. ओळी मात्र काहीच असतात. याउलट उभ्या विखंडनात स्तंभ विभागले जातात.

उद्देश

एखाद्या बँकेच्या पुणे व नागपूर येथे शाखा आहेत आणि बहुतेक खातेदार आपापल्या शाखेतच व्यवहार करतात, असे मानू. खात्यांची सारणी शाखेनुसार विभागल्यास माहिती जेथे लागते तेथेच राहते, जाळ्यावरील वाहतूक घटते आणि एक केंद्र बंद पडले तरी दुसऱ्याचे स्थानिक काम चालू राहते. मात्र सर्व खात्यांची एकूण शिल्लक काढण्यासाठी दोन्ही केंद्रांकडे विचारणा करावी लागते.

प्रकार

प्राथमिक विखंडनात अटी सारणीच्या स्वतःच्या स्तंभांवर असतात. साधित विखंडनात एका सारणीचे खंड दुसरीच्या खंडांवरून ठरतात. उदाहरणार्थ, व्यवहारांच्या सारणीत शाखेचा उल्लेख नसला, तरी खाते क्रमांकावरून प्रत्येक व्यवहार संबंधित खात्याच्या केंद्रावर ठेवता येतो.

अचूकतेचे निकष

* पूर्णता : मूळ सारणीतील प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या खंडात असावी.
* पुनर्रचना : सर्व खंडांचा संयोग केल्यास मूळ सारणी परत मिळावी.
* विलगता : कोणतीही ओळ एकाहून अधिक खंडांत नसावी.

‘शाखा पुणे आहे’ आणि ‘शाखा पुणे नाही’ या दोन अटी वरवर पाहता सर्व ओळींना व्यापतात. परंतु एसक्यूएल भाषेत रिक्त मूल्याशी केलेली अशी तुलना खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. तिचे उत्तर ‘अज्ञात’ येते. परिणामी, शाखेची नोंद नसलेले खाते दोन्ही खंडांतून वगळले जाते आणि खंड पुन्हा जोडले तरी ते सापडत नाही. म्हणून विभाजनासाठी निवडलेला स्तंभ भरणे अनिवार्य करतात, किंवा रिक्त मूल्यांच्या ओळींसाठी वेगळा खंड राखतात.

इतिहास

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर ही पद्धत आधारलेली आहे. स्तेफानो चेरी, माउरो नेग्री आणि जुझेप्पे पेलागात्ती यांचा आडव्या विभाजनावरील शोधनिबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या संकेतस्थळांच्या विदागारांत आज वापरले जाणारे ‘शार्डिंग’ हे याच पद्धतीचे रूप आहे.