शेंडेनक्षत्राची रात्र

एप्रिल 1986. पाडवा नुकताच झालाय. तू नऊ वर्षांचा आहेस आणि दौंड तालुक्यात, खानोट्याच्या शिवारात, उजनीच्या फुगवट्याकाठी गोधडीवर पालथा पडलायस. शेजारी ताई. तुझ्याहून सात वर्षांनी मोठी, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. पलीकडे नाना मोटारीपाशी बसलेत. वीज आली की कडवळाला पाणी द्यायचं, म्हणून आजचा मुक्काम इथं.

जमीन चाचपून बघ. वरून भेगाळलेला, आत अजून ओला गाळ. पावसाळ्यात इथं पाणी असतं. उन्हाळ्यात ते ओसरत जातं, तशी माणसं त्याच्यामागोमाग खाली उतरतात आणि गाळपेर करतात. भाकरी-ठेचा खाऊन झालाय. लांब काठावर टिटवी ओरडतेय. एखादी रेल्वे भिगवणकडे जाते आणि तिचा आवाज पाण्यावरून कितीतरी वेळ येत राहतो.

"झोपलास का रं?"

"नाय."

"मग ऊठ. पाण्याकडं पाठ कर."

तू उठतोस. मध्यरात्र उलटलीय, चंद्र कधीच मावळलाय. दक्षिणेला विंचवाचे तारे वर आलेत. त्यांच्या उजवीकडे, जरा खाली, ताई बोट दाखवते. आधी काहीच दिसत नाही. मग दिसतो एक धूसर पुंजका, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा. हॅलेचा धूमकेतू. पेपरात वाचून एवढं मोठं शेपूट शोधत होतास, म्हणून तुझा चेहरा उतरतो. ताईचा नाही.

"आजीच्या आईनं बघितलं होतं हे शेंडेनक्षत्र. 1910 साली, मे महिन्यात, पहाटेचं. तेव्हा लई मोठं होतं. ती नदीच्या वाळूत कलिंगडं राखायला होती."

"कुठल्या वाळूत?"

ताई वळते आणि पाण्याच्या मधोमध बोट दाखवते. "तिथं."

तू नदी पाहिलेलीच नाहीस. रांजणगाव सांडसला मुळामुठा पोटात घेऊन, पुढं शिरूरकडून आलेली घोडनदी घेऊन भीमा इथून वाहत जायची. 1966 साली धरणाची पायाभरणी झाली, 1980 साली काम पुरं झालं. तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि ताई दहा. तुला आठवतं ते सगळं पाण्यानंतरचं. तिला त्याच्या आधीचंही आठवतं.

ती काटकी घेऊन गाळावर रेघा ओढते. हा गाडीरस्ता. ही चिंच. हा उतार, इथून बाया धुणं घेऊन जायच्या. खाली पळसदेवला तर पळसनाथाचं जुनं दगडी देऊळच पाण्यात गेलंय. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणजे नेहमीच्या उन्हाळ्यात काठची शेतं उघडी पडतील, पण खोलातलं गाव तळाशीच राहील. ते आता ताईसारख्यांच्या डोक्यातच नांदतंय.

"परत कधी येतंय हे?" तू आकाशाकडे बघत विचारतोस.

"2061."

तू बोटं मोजतोस. चौऱ्याऐंशी वर्षांचा होशील.

"तेव्हा तू सांगायचंस," ताई म्हणते. "वाळू कुठं होती, चिंच कुठं होती. म्हणून दाखवतेय. नीट बघून ठेव."

तेवढ्यात नानांची हाक येते. वीज आलीय, मोटार धडधडायला लागलीय, दारं धरायला चला. ताई खोरं उचलते, तुझ्या हातात बॅटरी देते. तू अंधारात सरळ कडवळाकडे धावायला निघतोस, तशी ती दंड पकडून तुला डावीकडे ओढते.

"तिकडून नको. तिथं आपली जुनी विहीर हाय. गाळानं भरलेली दिसते, पण आत भुसभुशीत आहे. पाय टाकलास तर कमरेएवढा जाशील."

बॅटरीच्या उजेडात विहिरीची खूण कुठंच नाही. सगळा सारखाच गाळ. तू तिचं ऐकतोस आणि तिच्या पावलांवर पाऊल टाकत जुन्या गाडीरस्त्यानं पिकात उतरतोस.