आपला पोतनीस आपणच

हुंडीच्या व्यवहारांत एक सोय मोठी शहाणपणाची होती. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर ती लिहिणाऱ्या पेढीकडून तिची पैठ मिळे. पैठहि हरवली तर परपैठ मिळे. कागद गेला तरी पैसा जात नसे, कारण पैसा कागदांत नसून दोन पेढ्यांच्या परस्परांवरील विश्वासांत होता. चेकबुक हरविणाऱ्या गृहस्थासहि आज बँकेंत हीच सोय आहे. परंतु इ. स. २००९ पासून जगांत धनाचा असा एक प्रकार अस्तित्वांत आला आहे कीं, ज्याची पैठ देणारी पेढीच कोठें नाहीं. बिटकॉइन व त्याच्या मागून निघालेलीं सांकेतिक चलनें आणि टोकनें यांविषयीं वर्तमानपत्रांतून भावाच्या चढउताराचीच चर्चा फार होते. तीं घ्यावीं कीं न घ्यावीं हा प्रश्न आम्ही या लेखांत बाजूस ठेवितों. ज्यांनीं तीं घेतलीं त्यांनीं तीं राखलीं कशीं, आणि राखतां राखतां घालविलीं कशीं, एवढाच इतिहास येथें सांगावयाचा आहे.

सातोशी नाकामोतो हें टोपणनांव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीनें अथवा मंडळीनें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं त्यांत वर्णिलेली वही प्रत्यक्ष सुरू झाली. वही हा शब्द आम्ही मुद्दाम योजतों. हें नाणें कोठें ठेविलेलें नसतें. हजारों संगणकांवर एकच खातेवही सारखी उतरलेली असते, आणि अमुक खात्यावर अमुक शिल्लक एवढीच तिच्यांत नोंद असते. ती शिल्लक हलविण्याचा अधिकार, ज्यास एक गुप्त संख्या ठाऊक आहे त्यास. संख्या इतकी मोठी कीं, आपल्या नेहमींच्या आंकड्यांत लिहूं गेल्यास ७७-७८ आंकडे भरावेत. तिच्या साह्यानें सही करितां येते, आणि ती सही खरी कीं खोटी हें मूळ संख्या न पाहतांहि कोणासहि पडताळतां येतें. तेव्हां या चलनाची तिजोरी म्हणजे नाणीं ठेवण्याची पेटी नव्हे. ती शिक्का ठेवण्याची पेटी होय.

आरंभीं या शिक्क्याचें मोल कोणासच कळलें नाहीं. गुप्त संख्या रोजच्या वापराच्या संगणकावर एका फाइलींत पडून राही. संगणक बिघडला किंवा टाकून दिला कीं तीहि गेली. वेल्समधील न्यूपोर्ट शहरीं एका गृहस्थाची अशी संख्या असलेली चकती २०१३ सालीं कचऱ्यांत गेली. ती उकरून काढूं द्यावी म्हणून त्यानें तेथील नगरसभेवर मांडलेला दावा जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें फेटाळला. सावध मंडळी संख्या कागदावर छापून कपाटांत ठेवीत. पण खर्चाची वेळ आली कीं ती पुन्हां संगणकांतच भरावी लागे, आणि तेथें चोर दबा धरून बसला असेल तर त्याच क्षणीं सर्वस्व जाई. बाकीच्या बहुसंख्य लोकांनीं ही कटकटच नको म्हणून नाणीं विनिमयपेढ्यांच्या हवालीं केलीं.

या पेढ्यांची कहाणी उद्बोधक आहे. टोकिओ येथील माउंट गॉक्स ही एके काळीं जगांतील सर्वांत मोठी बिटकॉइन-पेढी. फेब्रुवारी २०१४ मध्यें तिनें दिवाळखोरीचें संरक्षण मागितलें तेव्हां सुमारें ८,५०,००० बिटकॉइन नाहींशीं झाल्याचें जाहीर झालें. पुढें त्यांतलीं सुमारें २,००,००० एका जुन्या खात्यांत सांपडलीं. म्हणजे आपल्याच तिजोरींत काय आहे याचाहि पत्ता पेढीला नव्हता! कॅनडांतील क्वाड्रिगा या पेढीची गोष्ट तर कादंबरींत शोभावी अशी. तिचा तरुण संस्थापक जेरल्ड कॉटन हा डिसेंबर २०१८ मध्यें भारतांत प्रवासास आला असतां जयपूर येथें वारला, आणि सर्व किल्ल्या एकट्या त्यासच ठाऊक होत्या असें पुढल्या महिन्यांत गिऱ्हाइकांस कळविण्यांत आलें. चौकशींत असें आढळलें कीं, मृत्यूच्या कित्येक महिने आधींच तिजोऱ्या बहुतेक रित्या झाल्या होत्या. आणि ऑन्टारियोच्या रोखे आयोगानें जून २०२० मध्यें हा सारा प्रकार फसवणुकीचा होता असा निष्कर्ष काढला. किल्ली हरवली ही निव्वळ सबब होती. परंतु लोकांनीं ती प्रथम खरी मानली, कारण या धनाच्या बाबतींत ती खरी असूं शकते.

माउंट गॉक्स बुडाली त्याच वर्षीं प्राग येथील मारेक पालातिनुस व पावोल रुस्नाक यांच्या सातोशीलॅब्स या संस्थेनें ‘ट्रेझर’ नांवाचें यंत्र विक्रीस आणिलें, आणि त्याच सालीं फ्रान्समध्यें लेजर ही कंपनी निघाली. हार्डवेअर वॉलेट तें हेंच. यंत्र मुठींत मावेल एवढें. वर एक इवलासा पडदा व दोन बटनें. नांव पाकिटाचें असलें तरी आंत पैसा नाहीं. गुप्त संख्या यंत्राच्या पोटांतच जन्मावी व तेथून कधीं बाहेर येऊं नये, अशी ही योजना आहे. संगणकानें व्यवहाराचा मसुदा यंत्राकडे धाडावा, धन्यानें तो यंत्राच्या पडद्यावर वाचून बटन दाबावें, आणि यंत्रानें फक्त सही केलेला मसुदा परत द्यावा. संगणक चोरांनीं बुजबुजलेला असला तरी शिक्का त्यांच्या हातीं लागत नाहीं. लेजरनें यासाठीं बँकेच्या कार्डांत असते त्या जातीची सुरक्षित चिप घेतली. ट्रेझरकारांनीं यंत्राची रचना सर्वांस उघडी ठेविली. दोन्ही पक्षांचे अभिमानी यावरून पुष्कळ भांडले. जानेवारी २०२० मध्यें क्रॅकेन या अमेरिकन पेढीच्या तंत्रज्ञांनीं, ट्रेझर प्रत्यक्ष हातीं आल्यास सुमारें पंधरा मिनिटांत त्यांतील गुपित काढतां येतें असें दाखविलें. २०२३ पासून ट्रेझरच्या नव्या यंत्रांतहि तशी चिप आली.

यंत्रच हरवलें तर काय? येथें या मंडळींनीं हुंडीवाल्यांच्या पैठेची आठवण व्हावी अशी तोड काढली. पालातिनुस, रुस्नाक व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं मांडलेल्या पद्धतीप्रमाणें सर्व किल्ल्यांचें बीज २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांच्या यादींतून निवडलेल्या बारा ते चोवीस शब्दांत उतरतें. यादी ‘ॲबॅन्डन’पासून निघून ‘झू’पाशीं संपते. पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखूं यावा अशी तिची रचना असून शेवटच्या शब्दांत मागील शब्दांचा ताळा पाहण्याची सोय आहे. हे शब्द क्रमानें नव्या यंत्रांत भरले कीं सारी तिजोरी पुन्हां उभी राहते. जपानी, कोरियन, स्पॅनिश, झेक इत्यादि भाषांच्या याद्याहि झाल्या. मूळ संग्रहांत मराठीची मात्र नाहीं, म्हणून आमच्याकडील गृहस्थास आपल्या धनाचा मंत्र इंग्रजींतच उतरून घ्यावा लागतो. मंत्र म्हणण्याचें कारण, तो षट्कर्णी झाला कीं संपला. त्याचा फोटो काढून फोनमध्यें ठेविला, किंवा ई-मेलनें स्वतःलाच धाडला, तर यंत्राचा खर्च पाण्यांत गेला म्हणून समजावें.

चोरांनींहि हें ओळखलें, आणि किल्लीचा नाद सोडून ते किल्लीदाराच्या मागें लागले. २०२० सालीं लेजरच्या गिऱ्हाइकांची यादी चोरीस गेली, व त्या वर्षाच्या डिसेंबरांत सुमारें २,७२,००० लोकांचीं नांवें, पत्ते व दूरध्वनीचे क्रमांक उघड्यावर पडले. त्यांच्यांतील कित्येकांस कंपनीच्या नांवानें खोटीं पत्रें आणि टपालानें बनावट यंत्रेंहि आलीं. हेतु एकच, चोवीस शब्द वदवून घेण्याचा.

टोकनांच्या बाबतींत आणखी एक फट आहे, आणि ती फारशी कोणी समजावून सांगत नाहीं. इथेरियमची वही जुलै २०१५ मध्यें सुरू झाली. टोकनांचा जो नमुना त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मांडला गेला त्यांत, ‘माझ्या खात्यांतून अमुक रकमेपर्यंत तूं उचल कर’ अशी परवानगी दुसऱ्यास देण्याची तरतूद आहे. हें एक प्रकारचें मुखत्यारपत्रच. सोय म्हणून कित्येक ठिकाणीं रकमेस मर्यादाच घालीत नाहींत, आणि काम उरकल्यावर तें रद्द करावयाचें कोणास सुचत नाहीं. पुढें केव्हां तरी मुखत्यार लबाड निघाला, किंवा त्याच्याच घरांत चोर शिरला, तर यंत्र कपाटांत कुलुपबंद असतांहि टोकनें निघून जातात. यंत्रास दोष देतां येत नाहीं. त्यानें धन्याच्या हुकुमावरूनच सही केलेली असते.

अशाच न समजून केलेल्या सहीचें भयंकर स्वरूप मुंबईच्या वझीरएक्स या पेढीच्या प्रकरणांत दिसलें. १८ जुलै २०२४ रोजीं तिच्या एका खात्यांतून सुमारें २३ कोटि डॉलर किंमतीचीं टोकनें गेलीं. खातें एका किल्लीचें नव्हतें. अनेकांच्या सह्या जुळल्याखेरीज कवडी हलूं नये अशी त्याची घटना होती, आणि पेढीच्या सह्या करणारांपाशीं हार्डवेअर वॉलेटेंहि होतीं. पेढीच्या निवेदनाप्रमाणें समोर दाखविला गेला तो व्यवहार एक, व सही पडली ती दुसऱ्यावर. चूक कोणाच्या व्यवस्थेंत होती यावरून पेढी व तिची सहयोगी कंपनी यांच्यांत वाद झाला. सात महिन्यांनीं, २१ फेब्रुवारी २०२५ रोजीं, दुबईच्या बायबिट या पेढीचे चार लक्षांहून अधिक इथर, म्हणजे सुमारें दीडशें कोटि डॉलर, जवळजवळ त्याच मार्गानें गेले. अमेरिकेच्या एफबीआयनें तें कृत्य उत्तर कोरियाचें ठरविलें. ज्या पडद्यासाठीं हें यंत्र जन्मास आलें, त्यावर गुंतागुंतीच्या व्यवहारांत माणसास न उलगडणारी अक्षरांची व आंकड्यांची रांगच पुष्कळदां उमटते, आणि संगणक सांगतो तें खरें मानून बटन दाबलें जातें. जुन्या राजपत्रांत मजकूर संपे तेथें मोर्तब उठवीत, म्हणजे खालीं कोणास भर घालतां येऊं नये. मोर्तब उठविणारास पत्र वाचतां येतें, हें त्यांत गृहीत होतें. आमच्या मतें या यंत्रांची खरी उणीव चिपेंत नसून येथें आहे. व्यवहाराचा अर्थ पडद्यावर साध्या भाषेंत उमटावा असे प्रयत्न कारखानदारांनीं चालविले आहेत, आणि जेथें तो तसा उमटत नाहीं तेथें बटनाला बोट न लावणें हेंच बरें.

राहतां राहिली घरगुती व्यवस्था. यंत्र कारखानदाराकडूनच घ्यावें. त्यासोबत आधींच शब्द लिहिलेला कागद आला तर तें परत करावें. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वीं यंत्र पुसून, कागदावरील शब्दांनीं तें पुन्हां उभें राहतें कीं नाहीं हें एकदां पाहावें. नवख्या व्यवहारांसाठीं निराळें लहान खातें असावें. मृत्युपत्रांत शब्द लिहूं नयेत, कारण तें पुढें अनेकांच्या हातीं जातें. शब्द कोठें आहेत व यंत्र कोणतें, एवढें मात्र घरांतील एका विश्वासू माणसास माहीत असलें पाहिजे. चोवीस शब्दांना आणखी एक स्वतःचा शब्द जोडण्याची जी सोय आहे ती ज्यांनीं पत्करिली असेल, त्यांनीं तो शब्दहि वारसास कळण्याची तजवीज ठेवावी. तो एका अक्षरानें चुकला तरी यंत्र तक्रार करीत नाहीं. तें तितक्याच शांतपणें एक दुसरें, रिकामें खातें उघडून दाखवितें.