घोट्याच्या हाडावरची वंशावळ

परभणीच्या काळ्या मातीखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. अशाच दोन लाव्हाथरांमधील गाळात, तेलंगणातील नासकल येथे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात सापडले. १९८८ मध्ये प्रसाद व साहनी यांनी त्याचे नाव ठेवले ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी’. हिस्लॉप म्हणजे नागपूरचे मिशनरी. याच थरांचे आद्य अभ्यासक.

सांगाडा मिळालेला नाहीच. मात्र पुढे हाती आलेली घोट्याची सुटी हाडे वृक्षारोही प्राण्याची दिसली आणि त्याचे नाते माकड-मानवाच्या पूर्वजांशी जोडले गेले. २०१० च्या सुमारास दातांच्या तुलनेत तो आफ्रिका-युरोपातील अॅडापिसोरिक्युलिड कुळाच्या जवळचा ठरला आणि ते नाते डळमळले. त्रोटक पुराव्यावर वंशावळी रचण्याचा मोह आम्हा इतिहासवाल्यांना अपरिचित नाही! झाडावर चढणारा तो घोटा मात्र अजूनही अबाधित आहे.