फ्लाइट सिम्युलेटरसाठी संगणकाची निवड

घरच्या संगणकावर विमानोड्डाणाचा प्रत्यय देणारी प्रणाली नीट चालावी म्हणून प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, साठवण, पडदा आणि उड्डाणनियंत्रणे यांचा मेळ घालून केलेली निवड. संगणकावरील इतर खेळांना जे यंत्र उत्तम, ते सिम्युलेटरलाही उत्तम ठरेलच असे नाही. खेळांसाठी संगणक जुळवून घेणारा बहुधा आधी ग्राफिक्स कार्ड पक्के करतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवतो. सिम्युलेटरच्या बाबतीत या क्रमाने पैसे वाया जातात, कारण इथे भार आधी प्रोसेसरवर येतो.

संगणकाची परीक्षा घेण्याची या प्रणालीची ख्याती जुनी आहे. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने ॲपल २ साठी सिम्युलेटर तयार केला आणि त्यांच्याच कामातून १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ आला. त्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. इतर कंपन्यांचे संगणक आयबीएमशी खरोखर जुळतात का, हे पाहण्यासाठी त्या दशकात लोटस १-२-३ आणि हा सिम्युलेटर चालवून बघत. सध्या प्रचारात असलेल्यांपैकी प्रमुख म्हणजे असोबो स्टुडिओने घडवलेले मायक्रोसॉफ्टचे २०२० व २०२४ चे सिम्युलेटर, ऑस्टिन मायर यांच्या लॅमिनार रिसर्चचा एक्स-प्लेन १२ आणि मुक्त स्रोत असलेला फ्लाइटगिअर. संगणकांपैकी मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर फक्त विंडोजवर चालतो. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर मॅक व लिनक्सवरही चालतात.

पडद्यावरचे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, काढण्याआधी प्रणालीला बराच हिशेब उरकावा लागतो. पंखांवरचा वायुभार, इंजिन, इंधन, विद्युत व हायड्रॉलिक यंत्रणा, स्वयंचालक, वारा, ढग, आसपासची वाहतूक, कॉकपिटमधले पडदे, हे सगळे त्यात येते. एक्स-प्लेनमध्ये तर पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरचे बल वेगळे मोजले जाते. यातली पुष्कळ कामे एकमेकांवर अवलंबून असतात. विमान कुठे आहे हे ठरल्याशिवाय उंचीमापक काय दाखवणार हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय चित्र काढायची आज्ञा देता येत नाही. म्हणून प्रोसेसरला आठ कोअर असोत की सोळा, एका मुख्य धाग्यावर (थ्रेडवर) कामाची रांग लागते आणि फ्रेमचा वेग त्या रांगेवर ठरतो. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० हव्या असतील तर साडेसोळाच्या थोडे वर. २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सचा जवळजवळ सगळा भार एका कोअरवर पडे. आजच्या प्रणाली भूप्रदेश आणि चित्रांची कामे इतर कोअरना वाटून देतात, तरी मुख्य धागा राहिलाच आहे.

या रांगेत प्रोसेसरचा बराच वेळ रॅमकडून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातो. म्हणूनच प्रोसेसरच्या अंगच्या कॅशे स्मृतीला सिम्युलेटरमध्ये फार मोल आहे. एप्रिल २०२२ मध्ये आलेला एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी हे याचे ठळक उदाहरण. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे साध्या ५८००एक्सच्या ४.७ पेक्षा कमी. पण तिसऱ्या स्तराची कॅशे ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट. कमी वेगाचा हा प्रोसेसर सिम्युलेटरमध्ये आपल्या वेगवान भावंडाला मागे टाकतो. त्यानंतरचे ७८००एक्स३डी (२०२३) आणि ९८००एक्स३डी (२०२४) याच वाटेने गेले आहेत. विमानांसाठीच संगणक घेणाऱ्याने जास्त कोअरच्या मोहात न पडता आठ कोअर आणि मोठी कॅशे असलेला प्रोसेसर घ्यावा. चित्रफितींचे संपादनही त्याच यंत्रावर करायचे असेल तरच सोळा कोअरचा विचार सार्थ आहे.

फ्रेमच्या सरासरी आकड्यावर विसंबू नये. गोव्याच्या किनाऱ्यावरून सेसना १७२ घेऊन फिरताना मध्यम संगणकही सुरळीत चालतो. तोच संगणक एअरबस ए३२० घेऊन मुंबईच्या धावपट्टी २७ वर उतरताना पाहावा. पूर्वेकडून ठाण्याची खाडी ओलांडली की खाली घाटकोपरची दाट वस्ती, पुढे टर्मिनल, उभी विमाने आणि ॲप्रनवरची वाहने एकाच वेळी दृश्यात येतात. कॉकपिटमधले पडदे तर सतत नव्याने रेखले जातच असतात. १४० नॉट वेगाने विमान सेकंदाला सुमारे ७२ मीटर पुढे जाते. चित्र पाव सेकंद अडखळले तर तेवढ्यात १८ मीटर धावपट्टी निघून गेलेली असते आणि विमान जवळपास तीन फूट खाली आलेले असते. ए३२० चे नाक धावपट्टीपासून ३० फुटांच्या आसपास उचलायला लागतात, तेव्हा हे तीन फूट फार होतात. आकाशात ९० फ्रेम आणि जमिनीजवळ अडखळणे यापेक्षा सर्वत्र एकसारख्या ३५ फ्रेम केव्हाही चांगल्या. दुकानात किंवा मित्राकडे यंत्र पारखायचे असेल तर मोठ्या विमानतळावर, जड विमान घेऊन, खराब हवामानात पारखावे. एक्स-प्लेनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. फ्रेमचा वेग २० च्या आसपास किंवा त्याखाली घसरला की गणित डळमळू नये म्हणून प्रणाली स्वतःचा काळच हळू करते, आणि मिनिटभराच्या उड्डाणाला मिनिटाहून जास्त वेळ लागतो.

जुन्या संगणकात काय बदलायचे हे ठरवायची सोपी रीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू करून फ्रेमदर्शक उघडला की अडथळा मुख्य धाग्याचा आहे की ग्राफिक्स कार्डाचा, हे तिथेच लिहून येते. इतर प्रणालींत पडद्याचे रिझोल्यूशन एकदम खाली आणावे. फ्रेम वाढल्या तर कार्ड अपुरे आहे. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर अपुरा आहे, आणि नवे महागडे कार्ड घालून काहीही साधणार नाही.

ग्राफिक्स कार्ड पडद्यानुसार निवडावे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, २५६० बाय १४४० वर ३७ लाख आणि फोर-के पडद्यावर ८३ लाख, म्हणजे पहिल्याच्या चौपट. कार्डाचा वेग आणि त्यावरची स्मृती दोन्ही पाहावे लागतात. स्मृती भरली की चित्रांचा साठा संगणकाच्या रॅममध्ये उतू जातो आणि वेगवान कार्डही झटके देऊ लागते. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीसाठी कार्डावर किमान ४, शिफारशीप्रमाणे ८ आणि आदर्श म्हणून १२ गिगाबाइट स्मृती सांगितली आहे. आज नवे कार्ड घेणाऱ्याने १२ च्या खाली जाऊ नये. लॅपटॉपमधली कार्डे नावाने फसवतात. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०८० वर १६ गिगाबाइट स्मृती असते, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डावर १२, आणि आतली चिपही लहान.

डीएलएसएस, एफएसआर यांसारखी तंत्रे कमी रिझोल्यूशनचे चित्र काढून ते मोठे करतात. कार्डाचा भार यामुळे हलका होतो, पण कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांवरचे बदलते आकडे अंधुक दिसू शकतात. दोन खऱ्या फ्रेमांमध्ये कार्डानेच रचलेली फ्रेम घालण्याचे तंत्र मुख्य धागा अडला असतानाही चित्र गुळगुळीत करते. त्याने नियंत्रणांचा प्रतिसाद मात्र जलद होत नाही.

रॅमची गोष्ट आता सोपी झाली आहे. फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२ बिटचा असल्याने कितीही रॅम घातली तरी त्याला ४ गिगाबाइटपलीकडे हात घालता येत नसे, आणि लांबच्या उड्डाणाअखेर, नेमके उतरताना, स्मृती संपल्याचा संदेश येऊन सगळे बंद पडे. आजच्या सर्व प्रमुख प्रणाली ६४ बिटच्या आहेत. ३२ गिगाबाइट रॅम, दोन पट्ट्यांत विभागून, बहुतेकांना पुरते. एकाच पट्टीत घेतल्यास रॅमचा प्रवाह निम्मा होतो, म्हणून दुकानदाराने एकाच पट्टीचा आग्रह धरला तर मानू नये. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. २०२० च्या आवृत्तीला १५० गिगाबाइट जागा लागे. २०२४ ची आवृत्ती ५० वर आली, कारण तिचा बराच भाग उड्डाण चालू असताना इंटरनेटवरून येतो. त्या बदल्यात किमान १० आणि शिफारशीप्रमाणे ५० मेगाबिट वेगाची जोडणी लागते. जिथे इंटरनेट भरवशाचे नाही तिथे एक्स-प्लेन अधिक सोयीचा, कारण त्याचा भूप्रदेश एकदा उतरवून घेतला की संगणकावरच राहतो.

उष्णता आणि वीज या दोन बाबी खरेदीच्या यादीत सहसा नसतात. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच तापलेली असते, आणि खोलीचे तापमान जितके वाढेल साधारण तितकेच आतल्या भागांचेही वाढते. ५८००एक्स३डीमध्ये जादा कॅशे कोअरच्या डोक्यावर बसवलेली असल्याने उष्णता बाहेर पडायला अडसर होतो. ९८००एक्स३डीमध्ये ती कोअरखाली गेली आणि थंड ठेवणे सोपे झाले. समोर जाळी असलेले कॅबिनेट आणि मोठा हवेचा कूलर पुरतो. घरचा इन्व्हर्टर नेहमीच्या मोडवर असेल तर वीज गेल्यावर तो सुरू होईपर्यंत संगणक बंद पडू शकतो. त्यावर यूपीएस मोडचे बटण असते. ते लावावे किंवा संगणकाला वेगळा यूपीएस द्यावा.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे हातापायांत येणारी नियंत्रणे. कीबोर्डवर विमान उडवता येते, पण हात काहीच शिकत नाही. स्वस्त जॉयस्टिकमध्ये स्थिती मोजायला पोटेन्शिओमीटर असतो. त्यात एक संपर्कपट्टी रोधकावर घासत फिरते. वापराने मधल्या जागी ती झिजते, धूळ बसते, आणि काठी हातात स्थिर असतानाही पडद्यावरचे विमान थरथरू लागते. मग मध्याभोवती निष्क्रिय पट्टा वाढवून ते झाकले जाते, आणि उतरताना लागणाऱ्या बारीक हालचाली त्या पट्ट्यात हरवतात. हॉल परिणामावर चालणारे संवेदक चुंबकीय क्षेत्र मोजतात, त्यात घासणारे काही नसते. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एमसारख्या मध्यम किमतीच्या जॉयस्टिकमध्येही असे संवेदक असतात. ए३२० उडवणाऱ्याला बाजूची काठी, बोइंग किंवा सेसना उडवणाऱ्याला सुकाणूसारखा योक. हेलिकॉप्टरला तर पेडलांवाचून गत्यंतर नाही. मान वळवली की दृश्य वळवणारे ट्रॅकआयआर, किंवा साध्या वेबकॅमवर तेच काम करणारी ओपनट्रॅक ही मोफत प्रणाली, दुसऱ्या-तिसऱ्या पडद्याचा खर्च वाचवते. डोक्याला लावायचा व्हीआर संच खोलीची खरी जाणीव देतो. मात्र दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे काढावी लागतात, आणि प्रोसेसर व कार्ड दोन्ही वरच्या दर्जाचे नसतील तर मळमळ होते.

गोंदिया किंवा बारामती येथे वैमानिकाचे शिक्षण घेणाऱ्यांनाही घरचा सिम्युलेटर उपयोगी पडतो. त्यावरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेलीच साधने लागतात. पण चेकलिस्ट तोंडपाठ करणे, उपकरणांवरून नजर क्रमाने फिरवणे, धावपट्टीभोवतीचा फेरा वेळेत बसवणे हे घरी होते. त्याला मुंबईतली प्रत्येक इमारत दिसण्याची गरज नाही. चार-पाच वर्षे जुन्या संगणकावर एक्स-प्लेन मध्यम सेटिंग ठेवून चालवला तरी पुरते, आणि नव्या कार्डासाठी बाजूला काढलेले पैसे अशा विद्यार्थ्याने आधी चांगला योक व रडर पेडल यांवर घालावेत.