उडणारं आणि बुडणारं यंत्र

मी लहान असताना नांदूरघाटला आमच्या गल्लीतला एक मुलगा विहिरीत बुडाला. पट्टीचे पोहणारे उतरले, पण तळाला गाळ आणि अंधार. शेवटी घागरी काढायचा लोखंडी गळ दोराला बांधून पाण्यात फिरवू लागले. गळ कशात तरी अडकला, तेव्हा अब्बांनी माझे डोळे झाकले. हवेत उडणाऱ्या आणि पाण्याखालीही चालणाऱ्या ड्रोनविषयी वाचताना मला तो गळ आठवला.

ही कल्पना काही आजची नव्हे. ज्यूल व्हर्न यांनी १९०४ सालीच जमीन, पाणी आणि आकाश अशा तिन्हीकडे फिरणारं यंत्र कादंबरीत रंगवलं होतं. १९३४ मध्ये बोरिस उशाकोव या सोव्हिएत विद्यार्थ्याने उडत्या पाणबुडीचा आराखडा मांडला. वरून शत्रूचं जहाज हेरायचं, त्याच्या वाटेत पाण्यावर उतरायचं, बुडी मारून दबा धरायचा आणि पाणतीर सोडायचा! १९३८ मध्ये ती योजना कागदावरच संपली. अमेरिकेतल्या डोनाल्ड रीड यांनी मात्र १९६०च्या दशकात असं यंत्र खरोखर बांधलं. बुडी मारण्याआधी वैमानिकाने पुढचा पंखा हाताने काढायचा, इंजिनावर रबरी आवरण चढवायचं आणि स्वतः पाणबुड्याची हवेची नळी तोंडात धरायची. एवढा खटाटोप करूनही ते उडालं जेमतेमच.

अडचण श्वासाची होती. आमच्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. असल्या पाण्यावर कवड्या खंड्या एकाच जागी फडफडत मासा हेरतो आणि सरळ सूर मारतो. त्याला श्वास रोखता येतो, पेट्रोलच्या इंजिनाला येत नाही. शिवाय विमान हलकं हवं आणि पाणबुडी पाण्याचा दाब सोसण्याइतकी भक्कम, म्हणजे जड हवी. बॅटरीवरच्या मोटारीला हवा लागत नाही, आणि माणूसच आत नसल्याने यंत्र लहान करता येतं. त्यामुळे २०१५च्या सुमारास अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या ‘नॅव्हिएटर’ने हवेतून पाण्यात आणि पाण्यातून परत हवेत जाऊन दाखवलं. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट, म्हणून तेच पंखे खाली सावकाश फिरवावे लागतात. रेडिओलहरीही पाण्यात फार आत पोहोचत नाहीत.

नॅव्हिएटरला पैसा अमेरिकी नौदलाचा होता. उशाकोवपासून हे असंच चालत आलंय. पहिला विचार शत्रूचा. पुलाचे खांब, धरणाची भिंत, बुडालेला माणूस हे सगळं मागाहून.

आमच्याकडे कुणी बुडालं की आजही पहिली हाक पोहणाऱ्यांनाच जाते. यंत्र आलं तरी गढूळ पाण्यात त्याच्या कॅमेऱ्याला दिसणार नाही. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून त्याला तळ चाचपावा लागेल. त्या दिवशी विहिरीत उतरलेली माणसंही आधी हातांनी चाचपतच होती. गळ नंतर आला.